नर्सिंगची शिष्यवृत्ती फॉर्म भरण्याआधीच ठरलेली असते

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूर जिल्ह्यातल्या एका दादांची धाकटी बहीण बारावी सायन्सला ६८ टक्क्यांनी पास झाली आहे. बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी दिली आहे. प्रवर्ग ओबीसी, घरी तीन एकर कोरडवाहू, आई विड्या वळते, सगळं मिळून वर्षाचं उत्पन्न दीड लाखाच्या आत. नर्सिंगच्या मुलींना कोणती शिष्यवृत्ती मिळते, फॉर्म कधी सुटतो, आणि बंगळुरूच्या कॉलेजात "शंभर टक्के स्कॉलरशिपवर" सीट देतो म्हणणाऱ्या एजंटला पंचवीस हजार टोकन द्यायचं का, असं त्यांनी विचारलंय.

दादा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: टोकन देऊ नका. कारण पुढे येईलच.

मी नर्सिंग कॉलेजात सिस्टर ट्यूटर होते, आणि शिकवण्याबरोबर शिष्यवृत्तीचं टेबलही बरीच वर्षं माझ्याकडेच होतं. पालक टेबलापाशी यायचे ते "मॅडम, फॉर्म कधी सुटतोय?" असं विचारत. तोवर बहुतेकांचं जे काही व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं. मुलगी कोणत्या कॉलेजात, कोणत्या फेरीतून आणि कोणत्या कोट्यातून आली, यावर नव्वद टक्के गोष्ट ठरते. फॉर्म ही नंतरची नोंद.

तुमच्या बहिणीसाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे महाराष्ट्र सरकारचा ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. आधी हे ५० टक्के होतं. अनाथ मुलामुलींनाही हा लाभ आहे. २०२४-२५ पासून तो लागू झाला, आणि खासगी विनाअनुदानित कॉलेजांतल्या मुलींनाही मिळतो. अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं मात्र यात नाहीत. मुलग्यांना हा निर्णय लागू नाही. ओबीसी मुलगा नर्सिंगला आला तर त्याचं गणित अजून अर्ध्या फीचंच.

आता मेख. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे सीईटी कक्षाच्या कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा किंवा संस्थास्तरावरचा प्रवेश असेल तर माफी नाही. नेमकं इथेच पालक फसतात. कॅपची यादी लागायच्या आधी फोन सुरू होतात, "राउंडची वाट बघू नका, सीट भरत आल्यात, थेट कॉलेजला या, स्कॉलरशिपचं आम्ही बघतो." घाबरलेला बाप थेट जातो, पावती फाडतो, आणि डिसेंबरात कळतं की मुलगी संस्थास्तरीय कोट्यात दाखवलेली आहे. तिचा फॉर्म भरला जातो, कागद सगळे खरे असतात, तरी अर्ज मंजूर होत नाही. अशा वेळी टेबलामागे बसलेल्या माणसाच्या हातात काहीच उरत नाही.

म्हणून कॅपचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा फॉर्म, भरताना दोन गोष्टी शेजारी ठेवा. एक, कॉलेज भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे ना. दुसरी, शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या कॉलेजला त्या वर्षासाठी ठरवून दिलेली फी. ती प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजवार दिसते. सरकार जी फी भरतं ती या मंजूर आकड्याच्या हिशेबाने. कॉलेजच्या पत्रकावर त्याहून जास्त आकडा छापलेला असेल, तर वरचा फरक कशाचा हे लेखी विचारा. २०१५ च्या कायद्याने मंजूर फीपेक्षा जास्त घ्यायला बंदी आहे, आणि ज्या पालकाला तो आकडा तोंडपाठ असतो त्याच्याशी ऑफिस जरा वेगळ्या आवाजात बोलतं.

पर्यायांत सरकारी आणि अनुदानित कॉलेजं वर ठेवा. मुंबईच्या जे. जे. समूहातल्या इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशनसारख्या ठिकाणी फी मुळातच कमी. माफीचा हप्ता उशिरा आला तरी तिथे कोणी वर्गाबाहेर उभं करत नाही.

फी सुटली की बहुतेक जण हुश्श करतात. पण नर्सिंगचा खरा खर्च फीच्या बाहेर आहे. हॉस्टेल बहुतेक ठिकाणी सक्तीचं, मेस वेगळी. युनिफॉर्मचे दोन-तीन जोड, पांढरे बूट, स्टेथोस्कोप, बीपीचं यंत्र, प्रोसिजर बुक, जर्नल. मग पोस्टिंग. कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल असलं तरी मानसिक आरोग्याच्या पोस्टिंगला मुलींना बाहेर जावं लागतं, येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात. तिथलं राहणं, गाडीभाडं, महिनाभराची मेस, हे कोणत्याही शुल्क माफीत बसत नाही. तिसऱ्या वर्षाला असलेली हुशार मुलगी "पोस्टिंगला नाही जाता येणार मॅडम" म्हणत मान खाली घालून उभी राहते, तेव्हा प्रश्न फीचा नसतोच.

याच खर्चासाठी वेगळ्या योजना आहेत आणि त्या फी माफीसोबत चालतात. तुमच्यासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलामुलींना ती भोजन, निवास आणि निर्वाह भत्ता देते. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० (जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,०००, किरकोळ ८,०००), इतर महापालिका क्षेत्रांत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, बारावीला ६० टक्के, हजेरी ७५ टक्के. तुमच्या बहिणीचे गुण त्यात बसतात. एक अडचण अशी की जिल्ह्यामागे जागा मर्यादित आहेत, त्यामुळे मिळेलच असं धरून कर्ज काढू नका, पण अर्ज टाकायला विसरूही नका. शिवाय कॉलेज ज्या शहरात आहे तिथलीच रहिवासी असलेल्या मुलीला हा भत्ता नाही. तुमचं गाव अक्कलकोट-मोहोळकडे आणि कॉलेज सोलापूर शहरात, असं असेल तर चालेल.

हेच अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून, आणि आदिवासी मुलींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून मिळतं. रकमा याच घडणीच्या. खुल्या प्रवर्गातल्या अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. एका वेळी एकच भत्ता घेता येतो, दोन नाही.

अनुसूचित जातीच्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना, कारण तिथे घोळ फार होतो. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत आता केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, आणि त्यात कॉलेजच्या फीचे पैसेही असतात. ते सात दिवसांत कॉलेजला भरायचे असतात. खात्यात एकदम मोठी रक्कम दिसली की घरात आनंदीआनंद होतो, मोटर दुरुस्त होते, कोणाचं तरी जुनं देणं फिटतं. मग कॉलेज हॉल तिकीट अडवतं. पैसे आले की आधी निर्वाह भत्ता किती आणि फी किती हे वेगळं करा. या योजनेलाही मॅनेजमेंट कोटा चालत नाही.

कागदांकडे येते. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, चालू वर्षाचा. नॉन-क्रिमीलेअर त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं. अधिवास, रेशन कार्ड, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, कॅपचं अलॉटमेंट पत्र. बारावीनंतर वर्ष गेलं असेल तर गॅपचं शपथपत्र. हे सगळं आठ-पंधरा दिवसांत गोळा होतं. जात वैधता प्रमाणपत्र मात्र तसं होत नाही. बारावीत असतानाच कॉलेजमार्फत समितीकडे अर्ज गेला असेल तर बरं. नसेल तर आजच जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीत जा, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यासकट. नुसत्या पावतीवर काही वर्षी मुदत मिळाली आहे, पण मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर राखीव जागा जाते, मुलगी खुल्या प्रवर्गात धरली जाते आणि फीसुद्धा त्या हिशेबाने मागतात.

नावांकडे बघा. गुणपत्रिकेवर "राजश्री", आधारवर "राजेश्री", बँकेत आईने सांगितलं ते "राजु". महाडीबीटीचं, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचं, यंत्र माणसासारखं समजून घेत नाही. गुणपत्रिकेप्रमाणे आधार दुरुस्त करून घ्या, बँक त्यानंतर.

बँकेचं जरा सविस्तर सांगते, कारण मंजूर झालेले पैसे सगळ्यात जास्त इथे अडकतात. खात्याला आधार "जोडलेलं" असणं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, आधार त्या बँकेकडे "मॅप" असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मॅपिंग एका वेळी एकाच बँकेचं राहतं, आणि सरकारचे पैसे तिथेच जातात, तुम्ही फॉर्मात कोणतंही पासबुक जोडलेलं असो. आमच्याकडे एका मुलीचा हप्ता पोर्टलवर "जमा" दिसत होता आणि ती रोज पासबुक भरून आणायची, एन्ट्री शून्य. शोधल्यावर कळलं की जत्रेत छत्रीखाली बसलेल्या पोराकडून सिम कार्ड घेताना अंगठा दिला होता, त्याच अंगठ्यावर पेमेंट बँकेचं खातं उघडलं गेलं आणि आधार तिकडे मॅप झालं. पैसे तिथे सुखरूप पडून होते. मायआधारच्या संकेतस्थळावर "बँक सीडिंग स्टेटस" म्हणून सोय आहे, ओटीपी टाकला की कोणती बँक मॅप आहे ते दिसतं. फॉर्म भरण्याआधी ते बघा, आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

ओटीपीवरून आठवलं. महाडीबीटीची प्रोफाइल सायबर कॅफेत काढणार असाल तर मोबाइल नंबर तुमच्या घरचा द्या. कॅफेवाल्याला घाई असते, तो स्वतःचाच नंबर आणि स्वतःचाच पासवर्ड टाकून मोकळा होतो. पुढे कॉलेजच्या लॉगिनवरून अर्ज त्रुटीसाठी परत पाठवला की मेसेज त्याच्या फोनवर जातो, आणि त्याच्याकडे असे दोनशे मेसेज असतात. अर्ज एकदा भरला की महिन्यातून दोनदा स्वतः लॉगिन करून स्थिती बघायची. "कॉलेजच्या स्तरावर प्रलंबित" असं आठ दिवसांपेक्षा जास्त दिसलं तर क्लार्ककडे जाऊन उभं राहायचं, गोड बोलायचं, पण उभं राहायचं. क्लार्कवर रागावू नका; नर्सिंग कॉलेजात एकच माणूस प्रवेश, परीक्षा आणि शिष्यवृत्ती तिन्ही बघत असतो.

दर वर्षी नूतनीकरण असतं. बी.एस्सी. नर्सिंग आता सेमिस्टर पद्धतीने, आठ सेमिस्टरचं आहे. वॉर्डातल्या पोस्टिंगमुळे हजेरीचे दोन हिशेब राहतात, थिअरीचा वेगळा आणि क्लिनिकलचा वेगळा. नाइट ड्युटी करून सकाळचं लेक्चर बुडालं की थिअरी खाली जाते. ७५ टक्क्यांची अट या गणितात मोडते, आळशीपणात नाही. बहिणीला सांगा, दर महिन्याला हजेरीचा आकडा विचारून घे.

आई विड्या वळते म्हणालात. बिडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे, शाळेपासून व्यावसायिक पदवीपर्यंत वर्षाला १,००० ते २५,०००. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा. आईने किमान सहा महिने हे काम केलेलं हवं आणि तिचं बिडी कामगाराचं ओळखपत्र हवं. दुसरी शिष्यवृत्ती घेत असाल तर ही नको अशी अट त्यात आहे, म्हणून सावित्रीबाई फुले आधार योजनेचा आणि हिचा ताळमेळ फॉर्म टाकण्याआधी कामगार कल्याण दवाखान्यात विचारून घ्या. सोलापुरात हे दवाखाने घरोघरी माहीत आहेत, पण औषधासाठी. शिष्यवृत्तीसाठी तिथे जाणारे कमी.

आईबापाच्या कामावरून मिळणारी मदत लोक विसरतात. वडील बांधकामावर जात असतील आणि इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी जिवंत असेल, तर पदवीच्या शिक्षणाला वर्षाला २०,००० मिळतात, पहिल्या दोन मुलांना. नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या माजी सैनिकांच्या मुलींसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना आहे, मुलींना महिना ३,०००, मुलांना २,५००. बारावीला ६० टक्के हवेत, अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर, सही-शिक्का जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा.

खासगीत पाहायचं तर रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती नर्सिंगच्या मुलींनी जरूर भरावी. दर वर्षी ५,००० विद्यार्थी, संपूर्ण पदवीसाठी मिळून २ लाखांपर्यंत. पहिल्या वर्षालाच अर्ज करता येतो, बारावीला ६० टक्के, कुटुंबाचं उत्पन्न १५ लाखांच्या आत आणि अडीच लाखांच्या आतल्यांना प्राधान्य. ऑनलाइन अभियोग्यता चाचणी द्यावी लागते, ती न देता नुसता फॉर्म भरून वाट बघत बसणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. केंद्राची आणखी एक आहे, बारावीच्या बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमधल्यांसाठी. पहिली तीन वर्षं १२,००० आणि चौथ्या वर्षी २०,०००. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत लागतं. ६८ टक्के त्या रेषेच्या वर आहेत का हे बोर्डाच्या कट-ऑफवरून कळेल.

यांतल्या काही शिष्यवृत्त्या फक्त पदवीसाठी आहेत. "जीएनएम करू का, लवकर नोकरी लागेल" असं कोणी सुचवत असेल तर हा फरक ध्यानात घ्या. जीएनएम हा तीन वर्षांचा डिप्लोमा, चांगला आहे, वॉर्डात त्याला कोणी कमी लेखत नाही. पण माजी सैनिकांची, रिलायन्सची, पर्सेंटाइलवाली, या शिष्यवृत्त्या त्याला नाहीत, आणि पुढे पदवी हवीच झाली तर पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची दोन वर्षं वेगळी.

खरं सांगायचं तर नर्सिंगमधली सगळ्यात मोठी शिष्यवृत्ती "शिष्यवृत्ती" या नावाने येतच नाही. सैन्यदलाच्या परिचर्या सेवेच्या बी.एस्सी. नर्सिंगला देशभरात २२० जागा आहेत, त्यांतल्या ४० पुण्याच्या एएफएमसी या सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात आणि ४० मुंबईच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात. राहणं, जेवण, युनिफॉर्म सरकारचं, वर महिन्याला विद्यावेतन, आणि पुढे अधिकारी म्हणून नेमणूक, त्यासाठी सेवेचा बाँड. फक्त मुलींसाठी. पण त्याला नीट लागते. आपल्याकडे "नर्सिंगच करायचंय, नीट कशाला" म्हणून मुली तो फॉर्म भरत नाहीत, आणि दारच बंद होतं. तुमच्या बहिणीने नीट दिली नसेल तर या वर्षी तो रस्ता नाही. चुलतभावंडांत कोणी अकरावीत असेल तर तिला आत्ता सांगा.

आता तो एजंट. त्याचं "शंभर टक्के स्कॉलरशिप" म्हणजे काय, हे त्याला तीन प्रश्नांत विचारा. शिष्यवृत्ती कोणत्या सरकारची किंवा संस्थेची, नावासकट? पहिल्या वर्षी ती नामंजूर झाली तर फी कोण भरणार, आणि हे कॉलेजच्या लेटरहेडवर लिहून देणार का? मूळ गुणपत्रिका कॉलेज ठेवून घेणार का? महाराष्ट्राची मुलींची फी माफी आपल्या कॅपमधून आलेल्या मुलींसाठी आहे. कर्नाटकातल्या खासगी कॉलेजात थेट घेतलेल्या सीटला ती लागत नाही. तिकडे चांगली कॉलेजं भरपूर आहेत, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण दुसऱ्या वर्षी फीसाठी अडकलेल्या आणि मूळ कागद कॉलेजच्या कपाटात असल्याने परतही येता न येणाऱ्या मुलींचे फोन मी घेतले आहेत. परत येऊन इथल्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला बसवता येतं का, हा प्रश्न त्यांतली प्रत्येक जण विचारते, आणि ते सहसा जमत नाही.

इथलीच काही खासगी हॉस्पिटलं "आम्ही शिकवतो, नंतर आमच्याकडे काम करा" म्हणतात. ते वाईटच असतं असं नाही. बाँड किती वर्षांचा, त्या काळात पगार किती, मध्येच सरकारी भरती निघाली तर सोडायला किती भरावे लागतील, हे तीन आकडे कागदावर असतील तरच सही करा. आकड्याच्या जागी "संस्थेच्या नियमानुसार" असं लिहिलेलं असेल तर उठून या.

कर्ज शेवटी. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागत नाहीत, स्वतःचा हिस्साही नाही. हप्ते कोर्स संपून वर्ष झाल्यावर सुरू होतात. फी माफी लागू झाली तर तुम्हाला कर्ज लागलंच तर ते फक्त हॉस्टेल-मेसपुरतं लागेल, ते मागताना मॅनेजरला कॉलेजच्या लेटरहेडवरचा चारही वर्षांचा अंदाजे खर्च न्या. पीएम-विद्यालक्ष्मी योजनेची व्याजसवलत ठरावीक यादीतल्या संस्थांनाच आहे आणि बहुतेक लहान नर्सिंग कॉलेजं त्या यादीत नाहीत. मॅनेजरने "त्यातून करून देतो" म्हटलं तर आधी यादीत कॉलेजचं नाव दाखवायला सांगा. आणि आधार योजनेचा निकाल लागेपर्यंत पूर्ण रक्कम उचलू नका, वर्षाच्या वर्षाला उचला. उचललेल्या पैशावरच व्याज चढतं.